गाडी विकून येईल ते

पुंडलिकनगर, औरंगाबाद
१४ नोव्हेंबर २०२२

चि. सोनिया,

अनेक आशीर्वाद. पाकिटावरचं अक्षर ओळखून हे न फोडता टाकून देऊ नकोस, आत कामाचं आहे. फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागद घेतला. नाशिकचा पत्ता तुझ्या वडिलांनी दिला नाही, त्यांच्यावर रागावू नकोस. तुझ्या लॅबचं नाव मोबाईलमध्ये टाकलं तर पाटीचा फोटोच आला, पत्त्यासकट. वीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केलेल्या बाईला एक पत्ता सापडायला किती वेळ लागतो?

आधी कामाचं. सप्टेंबरमध्ये काडीमोडाच्या बैठकीत तुमच्या गावच्या काकासाहेबांनी स्टॅम्प पेपरवर लिहून घेतलं होतं, ‘गाडी विकून येईल ती रक्कम मुलीस द्यावी.’ आमचा सार्थक बंगळुरूला गेला. जाताना विक्रीच्या कागदांवर सह्या केल्या, किल्ली टीव्हीपुढे ठेवली आणि म्हणाला, ‘तू बघ काय ते.’ तेव्हा तुझी गाडी विकायचं काम आता माझ्याकडे आहे.

काल मी ती जालना रोडला मोईनभाईंकडे दाखवायला नेली. ते जुन्या गाड्यांचा धंदा करतात, आमच्या डेपोतल्या निम्म्या ड्रायव्हरांनी त्यांच्याकडूनच गाड्या घेतल्यात. त्यांनी गाडीभोवती दोन चकरा मारल्या, दारांवर बोटानं टकटक केलं, खाली वाकून टायर पाहिले आणि सात लाख साठ हजार सांगितले. मी म्हटलं, ‘अहो, पावणेचार वर्षांपूर्वी अकरा लाख ऐंशी हजारांना घेतलीय.’ तर म्हणतात, ‘आपा, शोरूम के गेट से बाहर आयी उसीच दिन लाख-सवा लाख गया. बाकी हर साल थोडा थोडा. चली तो भी जाता, खडी रही तो भी जाता.’ मला वाटलं होतं, कमी चालवली की भाव टिकतो. घरातल्या भांड्यांचं असतं तसं गाडीचं नसतं म्हणे.

शोरूमचा दिवस आठवतो का गं? तुझे वडील नवं धोतर नेसून आले होते. त्यांनी त्या पोराला विचारलं, ‘ही कार हाय का जीप?’ तो टायवाला पोरगा म्हणाला, ‘काका, ही क्रॉसओव्हर आहे.’ तुझे वडील लगेच, ‘म्हंजे खेचर म्हणा की!’ सगळं शोरूम हसलं, तू तर भिंतीकडे तोंड करून हसत होतीस. मग त्यांनी बॉनेटवर नारळ फोडू नये म्हणून त्या पोराची जी पळापळ झाली! शेवटी फरशीवर फोडला आणि पाणी मॅनेजरच्या बुटावर उडालं.

तुझ्या वडिलांचं मन छोट्या गाडीवर होतं, सहा-सात लाखांच्या. सुपारीच्या दिवशी मी म्हटलं होतं, ‘आमचं काही मागणं नाही, फक्त गाडी जरा उंच असली तर बरं, तुमच्या गावचा रस्ता खराब आहे.’ मागणं नाही म्हणायचं आणि तेवढं एक वाक्य सोडून द्यायचं, ही आपल्याकडची जुनी रीत. रस्त्यात गेलेल्या जमिनीचा मोबदला त्यांच्या खात्यावर आला होता हे मला माहीत होतं. त्या माझ्या एका वाक्यानं त्यांचे पाच लाख वाढले.

मोईनभाई म्हणाले, देऊन टाका. मी म्हटलं, विचारून सांगते. किती आले तर देऊ, ते कळव.

बैठकीत तू माझ्याकडे बोट करून ‘ह्या बाई’ म्हणालीस. आई लिहायचा हक्क नाही, म्हणून तेच लिहिते.

ह्या बाई,
सुरेखा


पुंडलिकनगर, छत्रपती संभाजीनगर
२२ मार्च २०२३, पाडवा

चि. सोनिया,

तुझा फोनवर निरोप आला, ‘जे येईल ते.’ तीनच शब्द होते, पण पत्र पोचलं म्हणायचं.

गाडी अजून गेली नाही. गेल्या महिन्यात फर्दापूरहून एक जण आला होता, लेणी बघायला येणाऱ्या लोकांसाठी त्याचं लॉज आहे. पाहुणे ने-आण करायला गाडी हवी होती. चालवून पाहिली, सात लाख पंचवीसपर्यंत आला, पण मग जमलं नाही. रंग आवडला नसावा. दरम्यान त्याच गाडीचा नवा अवतार बाजारात आलाय. दिवे बारीक केलेत आणि आत मोठा पडदा लावलाय, बाकी काही नाही. मोईनभाई म्हणतात, त्या बारीक दिव्यांपायी आपल्या गाडीचे चाळीस हजार गेले. आता सात दहा म्हणतात.

मी मेमध्ये निवृत्त होतेय. डेपोत विचारतात, बाई, घरी करणार काय? मी सांगते, गाडी फिरवणार. ते हसतात. त्यांना वाटतं, कंडक्टर बाई काय गाडी चालवणार, हिनं जन्मभर घंटीच मारली.

तू मला शिकवलंस हे त्यांना काय माहीत! लॉकडाऊनमध्ये एसटी बंद, मी घरी बसून भिंतीशी भांडत होते. एक दिवस तू म्हणालीस, ‘आई, चला, तुम्हाला गाडी शिकवते.’ मी म्हटलं, ‘ह्या वयात?’ तू म्हणालीस, ‘ह्या वयात तुमचं भांडण ऐकण्यापेक्षा बरं.’ शहराबाहेर सातारा परिसरातल्या त्या मोकळ्या प्लॉटिंगवर नेलंस. नुसते दगड रोवलेले, घर एक नाही. ‘स्टेअरिंग आहे ते, कोंबडी नाही. इतकं आवळू नका, पळून जात नाही,’ असं तू ओरडायचीस. क्लच सोडला की गाडी बेडकासारखी उड्या मारायची आणि तू पोट धरून हसायचीस. एकदा मी कुणाचा तरी प्लॉटचा दगड पाडला. आपण दोघींनी तो परत उभा केला खरा, पण हातभर अलीकडे की पलीकडे, देव जाणे. त्या माणसाला आयुष्यात कळणार नाही की त्याची जमीन कुठे गेली.

मला त्या वर्षी रोज सकाळी उठावंसं वाटायचं. ते तुला तेव्हा बोलून दाखवायला हवं होतं.

आज पाडव्याला गाडीला हार घातलाय. गिऱ्हाईक शोधतेय.

सुरेखा


पुंडलिकनगर
२५ ऑक्टोबर २०२३

चि. सोनिया,

काल दसरा झाला. गाडी धुतली, झेंडू लावला, चाकांखाली लिंबं ठेवली. शेजारच्या पारूबाईंनी विचारलं, ‘रोज सांजंला गाडीत जाऊन बसता. तिला चारा टाकता का काय?’ मी म्हटलं, बॅटरी उतरू नये म्हणून सुरू करते. खरंच तसं करावं लागतं.

बातमी वाईट आहे. कंपनीनं ते मॉडेल बनवणंच बंद केलंय. मोईनभाईंनी मला खुर्ची दिली, चहा मागवला, म्हणजे काहीतरी वाईट सांगणार हे मला कळलंच. म्हणाले, गाडी बंद झाली की लोकांना वाटतं पार्ट मिळणार नाहीत. मिळतात, अजून कितीतरी वर्षं मिळतील, पण लोकांना वाटतं ना! सहा लाख चाळीसच्या वर कुणी बोलणार नाही म्हणाले. त्यात डिझेल. आता लोक डिझेलला नाक मुरडतात.

इथल्या एक शिक्षकबाई आणि त्यांचे मिस्टर बघून गेले. त्यांचं बजेट बसलं नाही.

सीताफळं आलीत. रविवारी एकटीच दौलताबादला गेले, टोपली घेतली. तिथली बाई नेहमीची. विचारते, ‘सून कुठं हाय? ती तर बी थुंकायला खिडकी खाली करायची अन् निम्म्या आतच पाडायची.’ मी सांगितलं, नाशिकला नोकरी करते. ते खोटं नाही. पण ‘सून’ शब्दावर मी काही बोलले नाही.

घरी येऊन मागच्या सीटची फट चाचपली. चार बिया निघाल्या, वाळून काळ्या ठिक्कर पडलेल्या. मोईनभाईंनी गाडी आतून साफ करून घ्यायला सांगितलंय, त्यानं पाच-सात हजार जास्त येतात म्हणे. मी अजून केलेली नाही.

सुरेखा


पुंडलिकनगर
१९ जून २०२४

चि. सोनिया,

तुझा निरोप वाचला. दोनदा वाचला. ‘लॅबमध्ये भागी मिळतेय. मॅडम डिसेंबरपर्यंत थांबतील. गाडीचे पैसे पाहिजेत. विकायची आहे की नाही?’

विकायची आहे गं. असं का विचारतेस?

एप्रिलमध्ये उंदरांनी वायरी खाल्ल्या. अठरा हजार माझे लावले, ते तुझ्या हिशेबात धरू नकोस. टायर उभ्या उभ्या कडक झालेत. विमा मी वेळेवर भरते, मोईनभाई म्हणाले त्यात खंड पडला तर आणखी भाव उतरतो. आता पाच लाख पंचाहत्तर. मी त्यांना म्हटलं, ‘अहो भाई, ही गाडी जेमतेम एकतीस हजार किलोमीटर चाललीय. आमची एसटी एवढं तीन-चार महिन्यांत चालते.’ ते म्हणाले, ‘हौ आपा, लेकिन एसटी कू कोई बेचने नै लाता.’

एकतीस हजारातले निम्मे तर आपल्या दोघींचे आहेत. अजिंठ्याला गेलो होतो ते आठवतं? सार्थक ऐनवेळी नाही म्हणाला, तू म्हणालीस, आपण जाऊ. पहाटे भाकरी थापल्या, ठेचा डब्यात. सिल्लोडच्या पुढे रस्ता उखडलेला आणि तू सांगत होतीस, ‘बघा, तुमच्या उंच गाडीचा आज उपयोग झाला.’ तेव्हा मला वाटलं, टोमणा आहे. पण तुझं तोंड हसरं होतं.

फर्दापूरला गाडी लावून पुढे एसटीच्या बसमध्ये बसलो. तो कंडक्टर सुट्टे नाहीत म्हणून एका परदेशी म्हातारीला अडवत होता. मी उठून त्याला नियम सांगितला. तो म्हणाला, ‘मावशी, तुम्ही कोण?’ माझ्या आधी तूच सांगितलंस, ‘त्या तुमच्या सीनिअर आहेत. उभे राहा.’ तो पोरगा खरंच सावधान उभा राहिला! लेण्यातलं मला फार काही आठवत नाही, अंधार होता. तू सगळ्या बसला ‘ह्या माझ्या आई’ असं सांगितलंस, ते आठवतं.

डिसेंबरच्या आत करते. शब्द देते.

सुरेखा


पुंडलिकनगर
१४ जानेवारी २०२५, संक्रांत

सोनिया,

तीळगूळ घ्या, गोड बोला असं लिहायला हात होत नाही. ३० डिसेंबरला तुझा निरोप आला, ‘भागी दुसरीला गेली. आता घाई नाही.’ त्यानंतर मी दोन आठवडे पेन हातात धरलं नाही.

आता खरं लिहिते. पूर्ण वाच. नंतर शिव्या दे.

गाडी विकली जात नाही हे खोटं आहे. मीच ती विकू दिली नाही. फर्दापूरच्या माणसाला रंग चांगला आवडला होता. तो इसार द्यायला आला तेव्हा मी म्हटलं, ‘घाटात इंजिन तापतं बघा.’ तो बिचारा हात जोडून परत गेला. आपली गाडी कधीही तापलेली नाही. शिक्षकबाईंना मी मुद्दाम आठ लाख सांगितले. गेल्या ऑगस्टमध्ये मोईनभाईंनी एक डॉक्टर पाठवले होते, साडेपाच लाखांना तयार होते. मी दारच उघडलं नाही. आत उभी राहून बेल ऐकत होते. तुला जूनमध्ये शब्द दिला होता, त्यानंतर दोनच महिन्यांत.

का, ते सांगते. गाडी आहे तोवर तुला पत्र लिहायला मला कारण आहे. भाव किती झाला, टायर कसे आहेत, कुणी बघायला आलं होतं. गाडी गेली की मी तुला कोणत्या तोंडानं लिहिणार? मला तुझी आठवण येते, हे काही तुला लिहिता येत नव्हतं. म्हणून मी तुझे पैसे अंगणात कुजत ठेवले आणि तुला वर्तमानपत्रासारखे भाव कळवत राहिले. तुला लॅबची भागी मिळाली नाही ती माझ्यामुळे.

परवा मोईनभाईंकडे गेले आणि हे सगळं सांगितलं. त्यांनी हातातली वही मिटली. मग म्हणाले, ‘आपा, वो बच्ची कू मिलने का जी था तो मिलने जाते. उसका माल कायकू सडाये?’ मला परक्या माणसासमोर रडू आलं.

आणि आता दुसरं. हे तुला माहीत आहे, पण मला माहीत आहे हे तू माझ्या तोंडून कधी ऐकलेलं नाहीस.

आषाढातल्या त्या शनिवारी सार्थकनं तुझं डोकं फ्रिजवर आपटलं, तेव्हा मी स्वयंपाकघराच्या दारात होते. तू मला पाहिलंस. मी तुला पाहिलं. तवा तापला होता. मी पुढे आले आणि गॅस बंद केला. बस, एवढंच केलं. तुला हात लावला नाही, त्याला एक शब्द बोलले नाही. गॅस बंद करून बाहेर जाऊन बसले.

बैठकीत काकासाहेबांनी पाच माणसांसमोर विचारलं, ‘सुरेखाताई, पोरानं हात उचलल्याचं तुम्ही पाह्यलं का?’ तू माझ्याकडे बघत होतीस. मी म्हटलं, ‘माझ्यासमोर असं काही झालं नाही.’ म्हणून कागदावर लिहिलं गेलं, मुलाकडून त्रास नाही, सबब इतर मागणी नाही, गाडी विकून येईल ते मुलीस. मी खरं बोलले असते तर तुला नुसत्या गाडीवर वाटेला लावायची कुणाची छाती झाली नसती. आधी माझ्या एका शब्दानं तुझ्या वाट्याला फक्त गाडी आली, आणि मग ती गाडीही मीच अडीच वर्षं झिजवली.

पोटचा पोरगा आहे, असं मी त्या वेळी स्वतःला सांगितलं. पण रोज सांजेला गाडीत जाऊन बसत होते ती त्याची आठवण येते म्हणून नव्हे.

ह्या महिन्यात विकते. ह्या वेळी शब्द देत नाही, कारण माझ्या शब्दाचं तू काय करणार?

सुरेखा


पुंडलिकनगर
१२ मार्च २०२५

सोनिया,

गाडी गेली. मोईनभाईंनी चार लाख नव्वदला वाळूजच्या एका सुपरवायझरला दिली. त्याची बायको बाळंतपणाला माहेरी आहे, तिला आणायला जाणार होता. मी आत झाडून-पुसून दिली. किल्ली त्याच्या हातात दिली.

तुझ्या खात्यावर गेल्या शुक्रवारीच सात लाख साठ हजार भरलेत. मोईनभाईंनी पहिल्या दिवशी सांगितला तोच भाव. मधले दोन लाख सत्तर हजार माझ्या निवृत्तीच्या पैशातले आहेत. ते परत पाठवू नकोस. ते मी तुला देत नाही, मी बुडवलेले भरतेय. लॅबची भागी मात्र मला भरून देता येत नाही, ते माहीत आहे.

दुसरं काम रविवारी केलं. फुलंब्रीला गेले, थेट काकासाहेबांच्या ओसरीवर. त्यांना म्हटलं, त्या दिवशीची माणसं बोलवा. तिघं आले, चौथा वारला, पाचवा लग्नाला गेला होता. तुझ्या वडिलांनाही निरोप गेला. ते आले, पण खांबाला टेकून उभेच राहिले. मी सगळ्यांसमोर सांगितलं, पाहिलं होतं, खोटं बोलले. काकासाहेबांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. म्हणाले, ‘ताई, हे आता कशाला?’

मी तुझ्या वडिलांकडे पाहिलं. मला वाटलं होतं ओरडतील. ते हळूच बोलले. ‘विहीणबाई, गाडीचा भाव उतरला तर तुमी पदरचे घालून भरले, पोरीनं फोनवर सांगितलं मला. ह्याचं काय घालून भरणार? तवा बोलला असता तर माझी लेक मान वर करून घरी आली असती. दोन ठिकाणं आली अन् परत गेली. कागुद वाचत्यात अन् इचारत्यात, पोराकडनं तरास नव्हता, मग पोरगी निघालीच कशी? आता अडीच वर्सांनी तुमच्या ह्या बोलन्याला बाजारात काय भाव हाय, सांगा.’

मी उठले. पाणीसुद्धा न घेता निघाले, त्यांनी विचारलंही नाही. ते बरोबरच केलं.

येताना बसमध्ये मी तेच मोजत बसले होते. तेव्हा बोलले असते तर त्याला पूर्ण किंमत होती. आता किती उरली ते मला ठरवता येत नाही, ते तूच ठरव. सोबत कागद जोडलाय, शंभर रुपयांच्या स्टॅम्पवर, माझ्या अक्षरात. काय पाहिलं, कधी पाहिलं, बैठकीत काय खोटं बोलले, सगळं आहे. खाली सही, अंगठाही लावलाय आणि काकासाहेबांची साक्ष घेतलीय. सार्थकला एक प्रत बंगळुरूला पाठवली. त्यानं फोनवर विचारलं, ‘तू माझी आई आहेस की तिची?’ मी सांगितलं, तुझीच आहे, म्हणूनच लिहावं लागलं. त्यानंतर त्याचा फोन नाही.

तुला जिथे लागेल तिथे हा कागद दाखव, नाहीतर फाडून टाक. आणि कागदानं भागलं नाही, कुणासमोर तोंडानं सांगायची गरज पडली, तर मला बोलाव. घर तुझ्या पाहुण्यांचं असो नाहीतर गावचा चौक असो, मी येईन.

आता भाव कळवायला काही उरलं नाही. तेव्हा ह्यापुढे मी आपण होऊन लिहिणार नाही. सुखी राहा.

सुरेखा


पुंडलिकनगर
१६ एप्रिल २०२५

सोनिया,

काल तुझा निरोप आला. ‘रविवारी अकरा वाजता फुलंब्रीला पाहुणे येणार आहेत. बाबांनी कागद दाखवला. मुलाची आई म्हणते, बाईंच्या तोंडून ऐकायचं आहे.’

मी फोनवर ‘येते’ एवढंच कळवलं, कारण जास्त लिहिलं असतं तर चुकलं असतं. हे पत्र रविवारच्या आत पोचेल न पोचेल, तरी लिहिते.

नऊच्या एसटीनं निघते. दाराशी थांबेन, तुझ्या वडिलांनी आत बोलावलं तर आत येईन. त्या बाईंच्या समोर बसेन, आणि तवा गॅसवर होता इथपासून सगळं सांगेन, मी काय केलं नाही तेही. त्या विचारतील, मग तेव्हा का बोलला नाहीत? तेही सांगेन. सांगून झालं की लगेच उठेन. चहासाठी मला थांबवू नकोस, सोनिया. तू थांब म्हणालीस तर मी थांबेन, आणि मग मला निघता येणार नाही.

सुरेखा